लोणी, मासळी आणि ओट्याजवळचं स्टूल

(नॉर्वेचा नकाशा)

किनाऱ्यावर मासेमारीची गावं. आत, डोंगरांत, शेती आणि दूधदुभतं. इथल्या मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या, म्हणजे एमएसच्या रुग्णांची एक पाहणी १९५२ साली छापून आली. आतल्या शेतीच्या भागात रुग्ण जास्त, किनाऱ्यावर कमी. पाहणी करणाऱ्यांतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉय स्वँक यांचा संशय लोण्यावर होता.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या वेष्टनावर उलटते. निरोप वाटेत अडखळतात. कुणाला एका डोळ्यानं धूसर दिसतं, कुणाचे पाय बधिर होतात. थकवा तर बहुतेकांना, आणि तो झोपेनं जातोच असं नाही.

(माँट्रिऑल, कॅनडा)

स्वँक यांनी १९४८ पासूनच इथे रुग्णांना पथ्य सुरू केलं होतं. लोणी, साय, चरबीयुक्त मांस यांतून येणारी संपृक्त चरबी दिवसाला २० ग्रॅमच्या आत. १४४ रुग्णांवर त्यांनी ३४ वर्षं लक्ष ठेवलं. पथ्य पाळणारे कितीतरी बरे राहिले, असं त्यांनी १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. चिकाटी दांडगीच. पण ताडून बघायला पथ्याविना दुसरा गट नव्हता. पथ्यानं तब्येत टिकली, की तब्येत टिकली त्यांनाच पथ्य झेपलं?

पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्वँक यांचा आहार दुसऱ्या एका आहाराशी ताडून पाहिला. त्या दुसऱ्यात धान्यं आणि कडधान्यं बंद; म्हणजे आपल्याकडे ताटात उरतं काय, हा प्रश्नच. २०२१ मध्ये निकाल आला: थकवा दोन्हींत कमी झाला. औषधं बंद करावीत असं यातून कुठेच निघत नाही.

(स्वयंपाकघर, सकाळ)

हे घर पुण्यातलं, एमएसच्या एका रुग्णाचं. ओट्याजवळ उंच स्टूल. भाजी बसूनच चिरायची, तीही ऊन चढायच्या आत. अंग तापलं की आधीच मंदावलेले निरोप आणखी मंदावतात. एमआरआय नव्हता तेव्हा डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून हेच तपासत. तव्यासमोर पोळ्या लाटत उभं राहणं त्याहून फार वेगळं नाही. गहू सोड, दूध सोड सांगणारे नातेवाईक घरोघरी असतात. पोळ्या लाटून देतो म्हणणारा विरळा.

टेबलावरची बाटली निम्मी भरलेली. लघवीची घाई होते म्हणून बाहेर जायचं असलं की पाणी कमी प्यायचं, मग पोट साफ होत नाही, मग जेवण नकोसं. या फेऱ्यातून सुटायचं तर आधी लघवीच्या त्रासाबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि तेच सांगायला संकोच वाटतो.

कुकरची तिसरी शिट्टी. गॅस बंद, पंखा सुरू. कणीक मुलानं मळून ठेवली आहे, जरा सैलच.