दाराखालचा उजेड

दाराखालच्या फटीतून येणारा हा उजेड दिव्याचा नाही, मोबाइलचा आहे. दार वाजवणारा हात मोबाइल काढून घेण्यासाठी आला आहे, आणि बहुतेक घरांत मुलांच्या मोबाइल-इंटरनेटच्या व्यसनाचा विचार तेवढ्यावरच थांबतो.

‘इंटरनेटचे व्यसन’ ही कल्पना अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये चक्क थट्टेने मांडली होती. ती गांभीर्याने घेतली मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी. पडद्यावर दिसणारी ही २० प्रश्नांची चाचणी त्यांचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात मात्र स्थान मिळाले ते केवळ गेमिंगच्या विकाराला.

आता जेवणाच्या टेबलाभोवतीची ही शांतता पाहा. पालकत्वाचा अभ्यास करणाऱ्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांची शिस्त आणि त्यांची आपुलकी या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यात, जिथे दोन्ही नसतात अशा घराची, म्हणजे दुर्लक्षाची भर घातली. नियम असूनही ज्या घरात मुलाचे ऐकून घेतले जाते, तिथे ते चूकही सांगते. नुसता धाक असेल तर ते लपवायला शिकते, आणि कोणी विचारतच नसेल तर लपवण्याचीही गरज उरत नाही.

हेच मूल शाळेच्या या व्हरांड्यातून चालते. मुलांनीच मुलांच्या केलेल्या छळाच्या (बुलिंगच्या) अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेयस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोन बाजूंच्या बळातील तफावत. (प्रत्येक चेष्टा म्हणजे छळ नव्हे, हेही त्यातूनच कळते.) दप्तर रोज ओढले जाते, पण घरी सांगितले तर ‘तूच काहीतरी केले असशील’ हे उत्तर ठरलेले असल्याने सांगणेच थांबते. मोबाइलवरच्या खेळात मात्र नाव स्वतः निवडता येते, हरल्यावर पुन्हा सुरुवात करता येते आणि बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसल्याने हात थांबत नाही. छळणारेही कधीकधी त्याच मोबाइलवर पोहोचतात, तो भाग वेगळाच.

आधी छळ की आधी व्यसन, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून ठरत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालू शकतात. झोप मोडते, अभ्यास मागे पडतो.

समुपदेशकाने आता पालकांना बाहेर बसायला सांगितले आहे. पहिला प्रश्न मोबाइलचा नाही. मधल्या सुट्टीत तू कोणाजवळ बसतोस, असा आहे.