गाडी लागली, पण माणूस उतरणार कसा?

मंडळी, सुरुवात एका वजाबाकीने करू. पार्किंगची नेहमीची चौकट अडीच मीटर रुंद. तिच्यात उभी राहणारी साधी मोटार आरसे सोडून १.७ मीटरच्या आसपास. उरले ८० सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस. एवढ्यात धडधाकट माणूस पोट आत घेऊन, शेजारच्या गाडीची धूळ पाठीला पुसत कसाबसा उतरतो. व्हीलचेअर मात्र ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते. ती त्या फटीत जातच नाही.

शिवाय दार अर्धवट उघडून भागत नाही. खुर्ची सीटला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे आणि मग हातांवर जोर देऊन सीटवरून तिच्यात सरकायचं, असा तो प्रकार असतो. त्यासाठी दार पूर्ण उघडावं लागतं, आणि पुढचं दार पूर्ण उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेत दिव्यांगांच्या चौकटीची रुंदी किमान ३.६ मीटर सांगितली आहे, आणि ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी असंही म्हटलं आहे. लोकांच्या लक्षात ते ३० मीटर तेवढे राहतात. ‘दाराशी जागा दिली की हो त्यांना!’ दिली, पण अडीच मीटरचीच दिली. कुबड्यांवर चालणाऱ्याला, दम लागणाऱ्याला अंतर महत्त्वाचं आहेच. खुर्चीतला माणूस मात्र सपाट रस्त्यावरून पन्नास मीटर आरामात जाईल. अरुंद चौकटीत तो गाडीतून उतरणारच नाही.

चौकटीशेजारी तिरके पट्टे मारलेले असतात, ती जागा दाराची आणि खुर्चीची. तिची रुंदी किमान १.२ मीटर. दोन चौकटींच्या मधे एकच पट्टेरी जागा ठेवली तरी चालते, आणि त्यात एक गंमत आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावीकडच्या चौकटीत गाडी तोंड पुढे करून घातली, की पट्टे चालकाच्या बाजूला येतात. उजवीकडच्या चौकटीत ते शेजारी बसलेल्याच्या बाजूला येतात. उलट हवं असेल तर गाडी मागे घेत लावायची. म्हणून ‘फक्त सरळ पार्किंग करा’ अशी पाटी या चौकटींपुढे लावू नका.

बाजारात सगळ्यात जास्त घोटाळा या पट्ट्यांवरच होतो. मोटार सहसा कोणी तिथे घालत नाही, स्कूटर घालतात. ‘रिकामीच तर आहे, कुणाला आड येत नाही.’ खरं आहे, लावताना येत नाही. पण ज्याची मोटार आत आहे तो बँकेतलं काम आटोपून परत येतो, तेव्हा त्याच्या दारासमोर हँडल लॉक केलेली स्कूटर उभी असते. त्याने काय करायचं? उन्हात किंवा पावसात थांबायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्याची दोन मिनिटं कुठून मोजायची हेही त्याला कळत नाही. ‘कुणी आलं तर सरकतो’ म्हणत चौकट अडवून, इंजिन चालू ठेवून चालकाने आत बसून राहण्यालाही अर्थ नाही. अशा जागा अडवणाऱ्याला ‘सरका’ म्हणायला दिव्यांग माणसाने आधी आपल्या गाडीतून उतरायला हवं ना!

दुकानदार मंडळी भल्या हेतूने आणखी एक चूक करतात. कुणी गाडी लावू नये म्हणून चौकटीत साखळी, कुंडी नाहीतर दगड ठेवतात. ती साखळी काढायला गाडीतून उतरावं लागतं, आणि उतरायला जागा लागते. अडथळा ठेवायचाच असेल तर समोर सतत माणूस हवा. नसेल तर फक्त पाटी लावा.

आता आपल्या मातीकडे येऊ. कोकणात सपाट जागा म्हणजे चैन. पाखाडी उतरून पेठेत यायचं, पेठ उतरून बंदरावर जायचं. पण ही चौकट उतारावर चालत नाही. उतार १:५० पेक्षा जास्त नको, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर, ३.६ मीटरला सात. याहून जास्त झाला की दार आपोआप उघडतं किंवा बंद होतं, आणि ब्रेक लावायच्या आधीच खुर्ची पळते. मोजायला यंत्र लागत नाही, गवंड्याची लेव्हलची नळी पुरे. पावसाचं पाणी निघावं म्हणून आपले ठेकेदार अंगणाला ढाळ अंमळ जास्तच देतात, त्यांचं चुकत नाही. या चौकटीपुरता ढाळ कमी ठेवून वरच्या अंगाला आडवी गटार काढा. तिच्यावर जाळी असेल तर फटी १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत, आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. नाहीतर खुर्चीचं पुढचं छोटं चाक आत जातं आणि माणूस पुढे फेकला जातो. जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी दिसायला देखणी, पण आषाढात तिच्यावर शेवाळ धरतं आणि कुबडीचं रबर त्यावरून घसरतं. तिथे खरबरीत काँक्रीटच बरं. आणि कृपा करून माडाखाली ही चौकट आखू नका. वरून झावळ पडली तर आपण उडी मारून बाजूला होतो. खुर्चीतल्या माणसाला उडी नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. पावसाच्या तोंडावर मारलेला साधा ऑइल पेंट तांबड्या चिखलाखाली नाहीसा होतो. काम पाऊस गेल्यावर, जमीन पुरती वाळली की करायचं. डांबरावर थर्मोप्लास्टिक (वितळवून मारतात तो रस्त्याचा रंग) टिकतं. पेव्हर ब्लॉकवर मात्र ते सुटतं, तिथे रंगीत ब्लॉकच बसवून घ्या. आणि जमिनीवरच्या खुणेवर विसंबू नका, खांबावरची पाटी हवीच. गणपतीत गाड्यांची रांग लागली की जमीन दिसत नाही.

इथवर आपण मोटारीचं बोललो. पण आपल्या तालुक्यांतून फिरणारे बहुतेक दिव्यांग बाजूची चाकं लावलेल्या स्कूटरवर असतात, आणि त्यांचा विचार कुठल्याच आखणीत नसतो. या गाडीची रुंदी मीटरभर, थोडी जास्तच. दुचाकींच्या रांगेत ती दोन गाड्यांची जागा घेते म्हणून लोक कुरकुरतात. तिला स्टँडवर चढवायची सोय नाही. रिव्हर्स गिअर बसवलेला नसेल तर ती पायाने मागे ढकलावी लागते, आणि ज्याला पाय टेकवता येतो त्याने ही गाडी घेतलीच नसती. म्हणून तिची जागा रांगेच्या टोकाला हवी, शक्यतो एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने पुढेच निघता येईल अशी. दोन मीटर रुंदी आणि अडीच मीटर लांबी सोडली तर कुबड्या काढून उभं राहायला पुरते. एका मोटारीच्या चौकटीच्या जागेत अशा दोन स्कूटर सहज बसतात. नगरपंचायतीने एवढं केलं तरी मोठं काम झालं म्हणायचं.

आता परवाना. ब्रिटनमध्ये ‘ब्लू बॅज’ असतो आणि तो माणसाला मिळतो, गाडीला नाही; तो माणूस ज्या गाडीत असेल तिच्या काचेमागे ठेवायचा. आपल्याकडे देशभर चालणारा असा पार्किंग परवाना नाही. आहे ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायचा, रुग्णालय निवडायचं, तिथल्या वैद्यकीय मंडळाच्या दिवशी जाऊन तपासणी करून घ्यायची. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेलही त्यांत येतात. तेव्हा गाडीतून दोन पायांवर उतरणारा माणूस पाहून ‘हा कसला दिव्यांग!’ असं म्हणायची घाई करू नका. उलट बाजूही सांगायला हवी. कार्ड असणाऱ्या प्रत्येकाला रुंद चौकट लागते असं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला दार पूर्ण उघडायची गरज नसते. आणि कार्डवाले आजोबा घरी असताना नातवाने त्यांच्या नावावर तिथे गाडी लावणं ही सरळ लबाडी आहे.

नगरपरिषद किंवा गृहनिर्माण संस्था स्थानिक पास देणार असेल तर तो माणसाच्या नावे द्यावा. आपल्याकडे दिव्यांग माणूस आज भाच्याच्या गाडीतून येतो, उद्या भाड्याच्या. स्कूटरवाल्याच्या पासवर गाडीचा नंबर घातला तरी हरकत नाही. पासवर छायाचित्र, मुदत आणि शिक्का पुरे. आधार क्रमांक किंवा आजाराचं नाव काचेवर लावायचं कारण नाही. इंकजेटची छपाई उन्हात महिन्या-दोन महिन्यांत उडते, लेझर छपाई करून लॅमिनेट करा. स्कूटरवर पास पुढच्या पत्र्यावर लावा, नंबरप्लेटवर काही चिकटवू नका.

जागा हवी असेल तर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या. सोबत कार्डाची प्रत, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि फूटपट्टीने घेतलेली मापं जोडा. प्रत वाहतूक शाखेला. पार्किंगच्या जागा ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. अधिसूचना निघून पाटी लागली की मग कलम १७७ खाली दंड करता येतो, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर १,५०० पर्यंत. अधिसूचनेशिवाय नुसता निळा रंग मारला तर पोलीस तरी काय करणार! दाद लागली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. गृहनिर्माण संस्थेत मात्र कायद्याआधी जागा नीट बघा. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, लिफ्टकडे जाणाऱ्या वाटेला लागून असलेली चौकट मागा. वाटेची रुंदी दाराला आपोआप मिळते, कुणाची जागा कमी करावी लागत नाही आणि सभेत भांडणही होत नाही.

शेवटी जंगलजेटी, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणारी फेरीबोट. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, गाड्या इतक्या खेटून लावतात की पलीकडचा काठ येईपर्यंत दार उघडत नाही. गाडीत दिव्यांग माणूस असेल तर चढायच्या आधी, रांगेत असतानाच, गाडी लावणाऱ्या माणसाला सांगा आणि कोणत्या बाजूचं दार उघडायचं तेही सांगा. आधी कळलं तर तो गाडी कडेला घेऊन त्या बाजूला दीड मीटर सोडू शकतो. मागून दुसरी गाडी चढली की त्याच्याही हातात काही राहत नाही.