कातळावरची पाल

[दृश्य: मे महिना, भर दुपार. रत्नागिरीजवळचा सडा. लांबवर समुद्राची रेघ.]

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात दुपारी इथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, अनवाणी उभं राहून दाखवा. सावली नाही, पाणी नाही, माती असलीच तर जांभ्याच्या फटींत बोटभर. पावसाळ्यात याच कातळावर तळी साचतात, सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, रात्रभर बेडूक ओरडतात. दिवाळी उलटली की सगळं करपतं. चार महिने पाणथळ, उरलेले आठ महिने वाळवंट. सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

[दृश्य: एक सुटा दगड. दोन हात तो हळूच कलता करतात.]

दगड उचलायचा तो आपल्या बाजूला कलता करून. खाली फुरसं असलं तर त्याला पलीकडून वाट मोकळी राहते. सड्यावर फुरसं असणारच, हे धरूनच चालायचं.

या दगडाखाली फुरसं नाही. आधी मुंग्यांची धावपळ, मग कडेला सरकणारा एक विंचू, आणि त्याच्या शेजारी, कातळाला पोट चिकटवून बसलेली ही करंगळीएवढी पाल. तपकिरी अंगावर पांढरट पट्टे. पळत नाही. आपण हललो नाही तर तीही हलत नाही. पापण्या नसल्यामुळे डोळे मिटता येत नाहीत. मध्येच जीभ काढून डोळ्यावरून फिरवते आणि पुन्हा स्तब्ध.

[दृश्य: पालीच्या पायाचा जवळून घेतलेला शॉट. लगेच घराच्या भिंतीवरच्या पालीचा पाय.]

घरातली पाल भिंतीवर चढते ती बोटांखालच्या रुंद पट्ट्यांच्या जोरावर. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात. जमिनीवर राहणाऱ्या पालींना एवढ्या चढाईची गरज उरली नाही, आणि त्यांच्या पट्ट्या आखूड होत गेल्या. प्रजाती मात्र दोघींची एकच: हेमिडॅक्टिलस. जगभरात दीडशेहून अधिक जाती असलेला हा मोठा गोतावळा आहे.

कातळावरच्या या पालीचं शास्त्रीय वर्णन १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी केलं. नमुना रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावचा. नाव ठेवलं हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस.

[दृश्य: नकाशा. कोकण किनाऱ्यावरून कॅमेरा उत्तरेला, गुजरात ओलांडून सिंधपर्यंत.]

आता जरा लांब जाऊ. सिंधच्या रखरखीत मुलखात एक पाल आहे. तिचे खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले. शेपटी मुळाशी जाड, टोकाला निमुळती, आत चरबीचा साठा. १८५३ साली ब्लाइथ यांनी तिचं वर्णन केलं. ती इतर पालींपेक्षा इतकी वेगळी दिसते की १८६९ साली गुंथर यांनी तिच्यासाठी टेराटोलेपिस ही स्वतंत्र प्रजातीच उभी केली. पुढे जवळजवळ एकशे चाळीस वर्षं ही व्यवस्था टिकली.

मग डीएनएचा काळ आला. २००८ साली आरन बाउअर, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी या पालींची जनुकं ताडून पाहिली. सिंधची पाल हेमिडॅक्टिलसच्या बाहेर नाही, चांगली आतच बसते असं दिसलं. आणि तिच्या जवळच्या नातलगांत कोण, तर आपली ही कातळावरची पाल! सिंधचं वाळवंट आणि कोकणचा सडा, दोन्ही एकाच फांदीवर. त्याच वर्षी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून, पवनचक्क्यांच्या खालून, त्याच घराण्यातली आणखी एक जमिनीवरची पाल जाहीर झाली: हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस.

टेराटोलेपिस मोडीत निघाली, पण तेवढ्यावर भागलं नाही. सिंधच्या पालीला जातीचं जुनं नाव, फॅसिएटा, लावावं, तर हेमिडॅक्टिलस फॅसिएटस नावाची आफ्रिकेतली पाल १८४२ सालापासून हजर. नियमाप्रमाणे आधी आलेल्याचा हक्क. शेवटी सिंधच्या पालीचं नव्यानं बारसं झालं, हेमिडॅक्टिलस इम्ब्रिकॅटस. वर्गीकरणात असली कज्जेदलाली फार चालते, आणि खरं सांगायचं तर ती वाचायला मजाही येते.

[दृश्य: घाटमाथ्यावरचं पठार. गळ्याची निळी-काळी-नारिंगी पंखी फुलवलेला नर सरडा.]

हे कोरडं गणगोत किती जुनं? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या पालींच्या वाढत्या वैविध्याचा संबंध सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी थंड होऊ लागली त्या काळाशी जोडला आहे.

घाटावरच्या पंखीवाल्या सरड्यांनी तर अधिक नेमकी साक्ष दिली. २०१६ साली त्यांच्यातल्या काहींना वेगळं काढून नवी प्रजाती केली आणि तिला थेट ‘सरडा’ हेच नाव दिलं. २०१८ साली दीपक आणि कारंथ यांनी उपखंडातल्या १०७ ठिकाणांहून गोळा केलेल्या नमुन्यांवरून या सरड्यांच्या पंधरा जाती वेगळ्या केल्या. त्यांचा वंश फुटायला लागला सुमारे १.८ कोटी वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस स्थिरावला तेव्हा. खरा फुटवा आला १.१ कोटी वर्षांपूर्वीपासून अलीकडच्या काळात, मोसम तीव्र होऊन जमिनी कोरड्या पडू लागल्यावर. त्यांचे जवळचे नातलग अजून केरळ आणि श्रीलंकेच्या रानात झाडांच्या सावलीत आहेत. जंगल मागे हटलं आणि हे उघड्यावर आले.

[दृश्य: सुकलेलं गवत. काहीतरी सर्रकन निघून जातं.]

गवतात पळाला तो सरडा ऑफिसॉप्सच्या घराण्यातला. याच्याही पापण्या मिटत नाहीत, सापासारख्या पारदर्शक होऊन डोळ्यावर बसल्या आहेत. याचे भाऊबंद आजही तुर्कस्तान, सीरिया, इराणच्या कोरड्या माळांवर आहेत. २०१७ साली यांच्या वंशावळीचा अभ्यास झाला, आणि भारतातली गवताळ राने फार प्राचीन आहेत या मताला त्यातून पुष्टी मिळाली. ‘माळ म्हणजे तोडलेलं जंगल’ असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. सरडे तसं म्हणत नाहीत.

[दृश्य: खाडी. दोन्ही काठांवर दोन सडे. मधून होडी जाते.]

कोकणातल्या पालीचं कोडं मात्र अजून पुढे आहे. इथले सडे सलग नाहीत. मध्ये खोल दऱ्या, आगरं, खाड्या. करंगळीएवढी पाल एका सड्यावरून दुसऱ्यावर जाणार कशी? लाखो वर्षं असं तुटून राहिल्यावर प्रत्येक सड्यावरची पाल तीच राहिली, की वेगळी झाली? दिसायला सगळ्या सारख्या. पण दिसण्यावरून टेराटोलेपिसचं काय झालं ते आपण पाहिलं. यासाठी सड्यासड्यावर जाऊन जनुकं ताडायला शेपटीचा मिलिमीटरभर तुकडा घ्यावा लागतो, आणि दगड होता तसाच्या तसा परत ठेवावा लागतो.

[दृश्य: चिरेखाण. यंत्राचं पातं जांभ्यात उतरतं, लाल धूळ उडते. पलीकडे नवी कलमांची बाग.]

दगड शिल्लक असला तर. एका बाजूनं चिरेखाणी सरकत येतात. दुसऱ्या बाजूनं सुरुंग लावून कातळ फोडतात, ट्रकनं माती आणून खड्डे भरतात आणि हापूसची कलमं लावतात. आणि पालीला ज्याच्या खाली राहायचं असतं तो सुटा दगड वेचून बागेभोवतीच्या गडग्यात रचला जातो.