जंगल ग्रामसभेचं, कूप महामंडळाचं

दिल्लीच्या नव्या संसद भवनात जे सागवान वापरलंय ते नागपूरहून गेलेलं, आणि अयोध्येच्या राम मंदिराच्या दरवाजांसाठी लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीचं, २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपुरातून शोभायात्रा काढून पाठवलं होतं, टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही. अभिमान वाटावा असंच लाकूड आहे, त्यात वाद नाही. पण हे सागवान ज्या जंगलांतनं येतं तिथली गावं बरीच वर्षं एक साधी गोष्ट विचारतायत आणि त्यांना धड उत्तर मिळत नाहीये. कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं तोडायचं हे ठरवतं कोण?

(दृश्य: लाकूड डेपो, नंबर टाकलेल्या ओंडक्यांच्या थप्प्या)

आधी महामंडळाबद्दल. पूर्ण नाव वन विकास महामंडळ महाराष्ट्र, पण गावात सगळे एफडीसीएमच म्हणतात. १९७२ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने एक अंतरिम अहवाल दिला, त्याचं सांगणं थोडक्यात असं की देशातलं एवढं मोठं जंगल नुसतंच उभं आहे, त्यातनं उत्पन्न काही निघत नाही, तेव्हा कमी किमतीचं मिश्र जंगल काढा, तिथे बाजारात भाव असलेली, कारखान्यांच्या कामाची झाडं लावा, आणि बँकांचं कर्ज उचलता यावं म्हणून त्यासाठी वेगळी महामंडळं काढा. मग राज्याराज्यांत महामंडळं निघाली, आपलं निघालं फेब्रुवारी १९७४ मध्ये, हेड ऑफिस नागपूरला. आणि योगायोग बघा, पुढच्याच महिन्यात, २६ मार्चला, हिमालयातल्या रेणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडींसकट परत पाठवली. चिपको सगळ्यांना माहितीये, शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच वर्षी आपल्याकडे काय सुरू झालं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

काम चालतं कसं? तर लाखो हेक्टर सरकारी जंगल महामंडळाच्या ताब्यात दिलेलं आहे. त्याचे कक्ष पाडलेले, प्रत्येकाला नंबर. कुठल्या वर्षी कुठलं कूप, म्हणजे कटाईसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायचं हे आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं, मग झाडांचं मार्किंग होतं, कटाई होते, माल डेपोवर जातो, लिलाव होतो, आणि मोकळ्या जागेवर सागाची रोपं लागतात. दोन-दोन मीटरवर लावली तर हेक्टरी २५०० रोपं. पुढे ठरावीक वर्षांनी विरळणी करत करत मोजकी सरळसोट झाडं मोठी होऊ द्यायची. लाकूड पिकवायची पद्धत म्हणून यात चूक काही नाही, शेतीच आहे ती एक प्रकारची. भांडण आहे ते ही शेती कशाच्या जागेवर केली त्याचं.

कारण कागदावर जे कमी किमतीचं मिश्र जंगल आहे त्यात येन, धावडा, बिजा, मोह, चारोळी, टेंभुर्णी, बेहडा, आवळा सगळं मिसळून असतं, खाली बांबू असतो, आणि गावाचं वर्षाचं गणित त्याच्यावर असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफूल वेचायचं, मग चारोळी, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणि सात्या (रानातल्या अळंब्या), हिवाळ्यात आवळा-बेहडा, शिवाय डिंक, मध, औषधाच्या मुळ्या. यातलं बरंचसं बाजारात जातच नाही, घरात खाल्लं जातं, म्हणून ते कुठल्याच ताळेबंदात येत नाही. घनमीटरमध्ये मोजायचं म्हटलं की वास्ते शून्यच येणार ना!

सागवान तसं इथलंच झाड आहे, परकं नाही. आलापल्लीला ‘वनवैभव’ म्हणून एक जुनं जंगल राखून ठेवलंय, २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली, तिथे प्रचंड जुने साग आहेत पण बाकीच्या झाडांच्या संगतीत आहेत. रोपवनात नुसता सागच साग. उन्हाळ्यात तो पानं गाळून मोकळा होतो, म्हणजे सावलीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच सावली नाही, गुरं त्याचा पाला खात नाहीत, आणि खाली वाळक्या पानांचा थर साचला की वणव्याला आयतं जळण.

(दृश्य: एका बाजूला सागाच्या रांगा, दुसऱ्या बाजूला मिश्र जंगल)

आणि हे दुखणं एकट्या विदर्भाचं नाही. तेव्हाच्या बिहारमध्ये, म्हणजे आताच्या झारखंडात सिंहभूमला, साल वृक्षांचं जंगल काढून सागवान लावायला घेतलं तेव्हा १९७८ च्या सुमारास आदिवासींनी सागाची रोपं उपटून टाकली. साल म्हणजे झारखंड आणि सागवान म्हणजे बिहार अशी घोषणाच होती त्यांची. प्रकरण पेटत गेलं, सप्टेंबर १९८० मध्ये गुआला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

मग १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण आलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की पर्यावरणाचा तोल आधी, पैशाचा फायदा नंतर, आणि नैसर्गिक जंगल उद्योगांना लागवडीसाठी द्यायचं नाही. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि जंगल राखायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो वनखातं देईना, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं, गौण वनउपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा बाकीचा माल) नव्हे. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्याचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. आज गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू, तेंदूपत्ता स्वतः विकतात, हिशोब सगळ्यांसमोर वाचतात.

म्हणजे एकीकडे हे. आणि दुसरीकडे २०१८ मध्ये केंद्राने नव्या वनधोरणाचा मसुदा काढला, त्यात महामंडळांच्या ताब्यातल्या आणि विरळ झालेल्या जंगलात खासगी भागीदारीने लागवड करायची असं आलं. त्याआधी २०१४ मध्ये राज्य सरकारने ग्रामवनाचे नियम काढले होते, वनहक्क कायद्याला बगल दिली जातेय म्हणून त्यावर केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानेच आक्षेप घेतला. धोरणाचं एक पाऊल पुढे पडतं की लगेच दुसरं मागे, निदान मला तरी असंच दिसतं.

आता महामंडळाची बाजूही ऐकून घ्या. कटाई मंजूर आराखड्याप्रमाणेच होते असं ते सांगतात, आणि कूपाच्या कामाची मजुरी याच गावांतल्या लोकांना मिळते हेही खरंय, काही घरं त्यावर चालतात. वाघही आहेत त्यांच्या जंगलात, चंद्रपूरचं कन्हारगाव अभयारण्य बऱ्याच अंशी महामंडळाच्या जंगलातूनच झालं. पण त्या अभयारण्यालाही गावकऱ्यांचा विरोध होता, कारण परत तोच प्रश्न, आम्हाला न विचारता. कटाईलाही विचारलं नाही आणि संवर्धनालाही नाही.

खरा गुंता कायद्यात आहे. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला व्यवस्थापन दिलं, बांबू, तेंदू, मोह दिलं, पण इमारती लाकूड गौण वनउपजात येत नाही. मग महामंडळाच्या ताब्यातल्या जंगलावर गावाचा सामूहिक दावा असेल तर तिथला उभा साग कोणाचा, आणि तो तोडताना शेजारच्या चारोळीला धक्का लागला तर भरपाई कोण देणार? म्हणून गावांची मागणी फार मोठी नाहीये. दाव्यांचा निकाल लागेपर्यंत त्या कक्षांमध्ये नवीन कूप धरू नका, आणि आराखडा मंजुरीला जायच्या आधी ग्रामसभेत मराठीत, गोंडीत वाचून दाखवा, कक्ष नंबर आणि झाडांच्या यादीसकट.