आठ डिसेंबर ते आठ सप्टेंबर

[पहाट. चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या]

पणजी. अजून नीट उजाडलेलं नाही. पायऱ्या नागमोडी वळणं घेत वर चढत गेल्यात आणि प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी दम खायला थांबलंय. आज ८ डिसेंबर. अमलोद्भव मातेचं, म्हणजे येशूची आई मरिया हिचं फेस्त, चर्चचा सण.

१५४१ साली इथं साधं चॅपेल होतं. लिस्बनहून महिनोन्‌महिने समुद्रात काढलेले खलाशी आधी इथं येऊन आभार मानायचे, असं सांगतात. पुढे १६१९ मध्ये चर्च नव्यानं बांधलं गेलं.

[घंटा. जवळून]

ही घंटा इथली नव्हे. ती ओल्ड गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, मठ ओस पडला आणि १८७१ साली घंटा इथं चढवली गेली. गंमत बघा, संत ऑगस्टिन म्हणजे आदिपापाची शिकवण पश्चिमेच्या चर्चमध्ये घट्ट रुजवणारे. आदामापासून प्रत्येक माणूस ती उणीव घेऊनच जन्माला येतो, हे त्यांचं सांगणं. आणि त्यांच्याच अनुयायांची घंटा आज वाजतेय ती या नियमाला अपवाद ठरलेल्या बाईसाठी.

[वेदीवरची मूर्ती]

अमलोद्भव माता. इथं एक गैरसमज फार होतो, अगदी नियमित चर्चला जाणाऱ्यांचाही. हा सण येशूच्या गर्भधारणेचा नाही. हा मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेचा, तिची आई हन्ना हिच्या उदरातला. आईबाप नेहमीसारखेच, गर्भही नेहमीसारखाच. पण पहिल्या क्षणापासून देवानं तिला आदिपापाचा स्पर्श होऊ दिला नाही, अशी कॅथलिक श्रद्धा. आदिपाप म्हणजे आपण केलेला गुन्हा नव्हे. माणसाला मुळात मिळालेली देवाची कृपा हरवलेली असणं, ते आदिपाप. बाप्तिस्म्यात ती आपल्याला परत मिळते. मरियेकडे ती होतीच. 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले', म्हणजे कृपेनं भरलेल्या मरिये, तुला नमन, ही म्हातारी ओठांतल्या ओठांत म्हणतेय ते तेच.

[जुनी चित्रं, हस्तलिखितं]

विद्वानांना मात्र हे पचायला शतकं लागली. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉचे संत बर्नार्ड, मरियेचे एवढे भक्त, पण लिऑनच्या धर्मगुरूंनी हा सण सुरू केला तेव्हा त्यांनी पत्र लिहून खडसावलं. डोमिनिकन पंथाचे संत थॉमस अक्वायनस यांची अडचण आणखी नेमकी होती: तिला कधी पाप शिवलंच नाही, तर तिला तारणाऱ्याची गरज काय? मग ख्रिस्त सगळ्यांचा तारणहार कसा?

तोड काढली फ्रान्सिस्कन पंथाच्या डन्स स्कोटसनं. खड्ड्यात पडलेल्याला वर काढणं हे तारणच. पण पडण्याआधीच हात धरणं? तेही तारणच, उलट अधिक मोठं. मरियेलाही ख्रिस्तानंच तारलं, फक्त आधीच. एवढी साधी गोष्ट! पण डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन त्यावरून इतके भांडले, की पोप चौथे सिक्स्टस यांना दोन्ही बाजूंना दम द्यावा लागला: एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही.

लोक थांबले नव्हते. १६४६ मध्ये पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव यानं देशाचा मुकुटच अमलोद्भव मातेला वाहिला. त्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजानं डोक्यावर मुकुट घातला नाही. पणजीच्या टेकडीवर हेच नाव का, याचं उत्तर पोर्तुगीजांच्या या जुन्या भक्तीत आहे.

८ डिसेंबर १८५४ ला पोप नववे पायस यांनी जगभरच्या बिशपांचं मत घेऊन ही श्रद्धा चर्चचा सिद्धांत म्हणून जाहीर केली. चारच वर्षांनी, फ्रान्समधल्या लूर्दला चौदा वर्षांच्या बर्नादेतनं आपल्याला दिसलेल्या बाईचं नाव सांगितलं, तेही गावच्या बोलीत: मी अमलोद्भवा आहे.

प्रोटेस्टंट चर्चेसना हे बायबलमध्ये सापडत नाही. ऑर्थोडॉक्स मरियेला सर्वपवित्र म्हणतात, पण हा सिद्धांत मानत नाहीत. तो दुरावा आजही आहे.

[पायऱ्यांखालची जत्रा]

खाली जत्रा भरलीय. खाज्यांचे ढीग, कपडे, आणि फर्निचरसुद्धा. घासाघीस कोकणीत, हिंदीत, मराठीत.

[मुंबई. वांद्रे, टेकडीचा चढ]

आता आजपासून नऊ महिने मोजा. ८ सप्टेंबर. मरियेचा वाढदिवस. चर्चच्या पंचांगात या दोन तारखांची सांगड अशी घातलीय. वांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा त्याच सणाची, आणि चढावर रांगेत हिंदू किती नि ख्रिस्ती किती, ते सांगता येणार नाही.

दुतर्फा मेणाच्या वस्तू विकायला ठेवल्यात. ज्याचं जे मागणं, ते मेणात. हात, पाय, घर.

ही बाई दुकानापुढे बराच वेळ उभी आहे. तिनं मेणाचं बाळ घेतलं.