बाईच्या हातची भाकर चालत नाही? अँग्लिकन चर्चमधलं ८० वर्षांचं भांडण

नमस्कार मंडळी! बाईला पाळकाची दीक्षा द्यावी की नाही, यावरून अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि जगभरातल्या तिच्या भगिनी चर्चमध्ये, जे चाललंय त्यावर आज बोलूया, आणि सुरुवात मी इंग्लंडपासून नाही, मकाऊपासून करते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. चीनच्या किनाऱ्यावरचं मकाऊ पोर्तुगीजांचं, तटस्थ, त्यामुळे निर्वासितांची रीघ लागलेली. तिथली ख्रिस्ती मंडळी सांभाळत होत्या फ्लॉरेन्स ली टिम-ओई, पण त्या होत्या डीकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवरच्या सेविका. डीकनला बाप्तिस्मा देता येतो, प्रभुभोजनाच्या भाकरीवर आणि प्याल्यावर आशीर्वाद मागायला मात्र दीक्षित पाळकच लागतो, आणि युद्धामुळे पाळक तिथे पोचूच शकत नव्हता. मग बिशप, म्हणजे पाळकांवरचे अधिकारी, रोनाल्ड हॉल यांनी त्यांना चीनमध्ये बोलावलं, त्या जपानी ताब्यातल्या भागातून वाट काढत गेल्या आणि २५ जानेवारी १९४४ ला त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चमधली पहिली बाई.

युद्ध संपलं आणि वरून इतका दबाव आला की १९४६ मध्ये त्यांनी पाळक म्हणून काम करणं थांबवलं. काम थांबवलं हं, दीक्षा परत नाही दिली. हे मला फार मोठं वाटतं.

आता विरोध करणारे सगळे एकच बोलत नाहीत. काहीजण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढतात, बाईने पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणून. दुसरे म्हणतात, येशूचे बारा प्रेषित पुरुष होते, रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चना सोडून आपण एकट्याने हे बदलायचं नाही. मनापासून मानणारी माणसं आहेत ही, पण मला नाही पटत, कारण पुनरुत्थानाची पहिली बातमी प्रभूने मग्दालीया मरीयेच्याच तोंडून पाठवली ना!

इंग्लंडमध्ये बायकांना पाळकाची दीक्षा द्यायची का, यावर चर्चच्या महासभेत ११ नोव्हेंबर १९९२ ला मतदान झालं. सामान्य सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२, लागत होतं दोन तृतीयांश, म्हणजे दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडलाच असता. नंतर विरोधकांसाठी वेगळे बिशप नेमले, लोक त्यांना ‘उडते बिशप’ म्हणतात.

आणि हे बघा. २६ जानेवारी २०१५ ला यॉर्क मिन्स्टरमध्ये लिबी लेन चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या महिला बिशप झाल्या, कितीतरी बिशपांनी त्यांच्यावर हात ठेवले, बिशप करताना असेच हात ठेवून प्रार्थना करतात. आठवड्याने त्याच चर्चमध्ये फिलिप नॉर्थ यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला, ते स्त्रियांची दीक्षा न मानणारे, आणि तिथे हात ठेवले फक्त तीन बिशपांनी. खुद्द यॉर्कच्या आर्चबिशपांनीही नाही ठेवले. एकच छत, एकच प्रार्थना, आणि हात मोजून बाजूला ठेवलेले! मला हे बघून खरंच वाईट वाटलं.

आपल्याकडे? १९७० मध्ये नागपुरात जे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकनही सामील झाले, आपल्यातले कितीतरी जण त्याच मंडळ्यांमधले. आणि चर्च ऑफ साउथ इंडियाने तर २०१३ मध्येच, इंग्लंडच्या आधी, पुष्पा ललिता यांना बिशप केलं.

३ ऑक्टोबर २०२५ ला सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वात वरिष्ठ बिशप, म्हणून जाहीर झालं, पूर्वी त्या नर्स होत्या. आणि इंग्लंडमध्येच अशा मंडळ्या आहेत, जिथे त्यांच्या हातची भाकर घ्यायला लोक पुढे येणार नाहीत.