ड्रम्याचं तोंड कुणी पुसलं?

नमस्कार मंडळी, आज मागनं हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या, कारण मी लातूरच्या गंजगोलाईच्या, म्हणजे आपल्या गोल बाजारपेठेच्या, अगदी बाजूच्या बोळात उभाय आणि गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, त्यातला एक तरी रस्ता कधी गप बसलाय का सांगा.

हे मागं भिंतीवरचं चित्र बघा. निळा ड्रम. दोन डोळे, डोक्यावर तिरकं टोपण, हिरव्या पाइपाचे हात. ह्याला पोरं ड्रम्या म्हणतात. नाव पोरांनीच ठेवलंय, काढणाऱ्यानं नाही. काढणारा आपल्याच गावचा पेंटर, पहिले दुकानाच्या पाट्या रंगवायचा, मग फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम गेलं. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्यानंच नको म्हणलंय. दोनेक वर्षं झाली, मी त्याच्या भिंती हुडकत फिरायलोय, आतापर्यंत 11 सापडल्यात, आणि आज मला फक्त एवढंच दाखवायचंय की हे कार्टून मोठं कसं झालं, कारण ते झालंय उलट्या बाजूनं, म्हणजे एकेक गोष्ट गळत गेली.

(पहिल्या भिंतीचा फोटो)

ही पहिली. हितं ड्रम्या नाहीच! हितं एक माणूसय, लुंगी, बनियन, मिशा, कपाळावर घाम, हातात पाइप, आणि निळा ड्रम आपला कोपऱ्यात पडलाय. चित्र चांगलंय हो, घाम तर एकेक थेंब काढलाय, पण गाडीवरनं जाताना एक माणूस कायतरी करायलाय एवढंच कळतं, लक्षात राहतो तो ड्रम.

आता लातूरकराला ड्रम का लक्षात राहतो हे मी काय सांगू. 200 लिटरचा निळा ड्रम आपल्याकडं दारात नसंल तर ते घर रिकामंय असं समजायचं. बाहेरच्यांसाठी सांगतो, एप्रिल 2016 मध्ये आपल्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर, आणि त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम लावलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी! तवा आमच्या घरी चार ड्रम होते आणि प्रत्येकावर आईनं खडूनं लिहिलेलं, पिण्याचं, सांडायचं, भांड्याचं, आणि चौथ्यावर नुसतं ‘हात लावू नका’.

तर दुसऱ्या भिंतीवर माणूस गेला, ड्रमलाच डोळे आले. ड्रमच्या पोटावर ते दोन उठलेले कडे असतात बघा, त्या दोन कड्यांच्या मधी डोळे बसवले, ही जागा त्यानं लई भारी पकडली, वरचं कडं आपोआप भुवई झालं. हात मात्र माणसाचेच, पाच पाच बोटं, आणि तेबी निळेच. निळ्यावर निळे, लांबनं हात दिसतच नव्हते.

हाच घोळ जगातल्या सगळ्यात फेमस उंदराचा बी झालता. मिकी माऊस 1928 ला पडद्यावर आला तेव्हा काळं अंग आणि हातबी काळेच, हात अंगापुढं आला की गायब. मग 1929 ला त्याला पांढरे हातमोजे घातले. आपल्या गड्यानं मोजे नाही घातले, त्यानं हातच काढून टाकले आणि तिथं हिरवा पाइप लावला. मी त्याला म्हणलं, मामा, अमेरिकेत 1920 च्या काळात कार्टूनचे हातपाय असेच कोपराबिगर, गुडघ्याबिगर, नळीसारखे काढायचे, भराभर काढता यायचे म्हणून, त्या स्टाइलला नावच रबर होज, म्हणजे रबरी पाइप. तो माझ्याकडं बघत म्हणला, ‘त्यांच्याकडं बी नळाला पाणी नव्हतं का?’

आता मुद्द्यावर येतो, तोंड.

तिसऱ्या भिंतीवर ड्रम्याला तोंड होतं, चांगलं बत्तीस दात दाखवत हसायचा. मला ते आवडत नव्हतं, खरं सांगतो, टूथपेस्टची जाहिरात वाटायची. ती भिंत होती एका घराची, आतल्या अंगाला मोरी. त्यानं काढलेलं ऑइल पेंटमध्ये. आता चुन्याची भिंत असली की ओल बाहेर पडून जाती, पण वरनं ऑइल पेंट मारला की ओलीला वाटच राहत नाही, मग ती आतनं रंगाला ढकलती, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात बरोबर खालची बाजू गेली. तोंड गेलं, डोळे राहिले.

पेंटर डबा घेऊन तोंड परत काढायला गेला तर पोरं आडवी आली, ‘काका नका काढू, तो रुसलाय.’ त्याच्या शेजारची एक बारकी पोरगी म्हणली, रुसला नाही, पाणी कधी येतंय ते ऐकायलाय. गडी डबा तसाच घेऊन परत आला. तवापासून तोंड नाही.

मग राग, आनंद दाखवायचा कसा? टोपणानं! टोपण सरळ, म्हणजे ड्रम भरलाय, गडी निवांत. टोपण डोळ्यावर वढलेलं, म्हणजे झोप. टोपण उडालेलं, नळ आला. आणि टोपण उलटं खाली पडलेलं असलं की समजायचं. मी एकदा मोबाइलवर ड्रम्याचा फोटो पूर्ण काळा करून आईला दाखवला, डोळे नाहीत, रंग नाही, नुसता आकार, आई म्हणली ह्यो तर ड्रम्या, आणि पाणी आलंय ह्याच्याकडं. कार्टून काढणारे ही परीक्षा घेतातच, नुसत्या सावलीवरनं कॅरेक्टर ओळखू आलं पाहिजे.

आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, 1951 पासूनचा, तोबी असाच गाळून गाळून राहिलेला. सुरुवातीला ते वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं काढायचे, रोज छपाईच्या घाईत एवढी माणसं बसवायची कुठं, मग एकेक गळालं आणि उरला चौकड्याचा कोट आणि धोतरवाला एकच म्हातारा. आणि तो कधीच बोलत नाही हे तुम्हाला आठवत असंल.

कमेंटमध्ये विचारणार हे मला माहितीय, म्हणून आधीच सांगतो, परवानगी असती का? असती. मालकाला विचारल्याबिगर तो ब्रश लावत नाही, मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदाय राज्यात. फक्त मालक लोक बदल्यात कायतरी मागतात. एका टेलरनं सांगितलं, काढ, पण माझं बी लिही, म्हणून सातव्या भिंतीवर ड्रम्याच्या पाइपातनं पाणी पडायलंय आणि त्या पाण्याचं खाली वळून वळून ‘पिको फॉल’ झालंय. अक्षर असलं देखणं की पाटीवाल्याचा हात गेलेला नाही हे तिथं कळतं.

(अकरावी भिंत, कॅमेरा जवळ)

आणि ही नवी, परवाच सापडली. ड्रम्याच्या बाजूला बघा काय हाय, 20 लिटरचा पाण्याचा जार! आता प्रत्येक दुकानात, लग्नात जारच असतो, तर हा पाव्हणा येणारच होता. पण पेंटर अडकलाय. ड्रम निळा होता, रंग भरला की झालं. जार पडला पारदर्शक, त्याच्यातनं मागची भिंत दिसाय पाहिजे, म्हणजे रंग भरायचाच नाही, नुसत्या रेघा, आणि नुसत्या रेघांचं कॅरेक्टर उन्हात लांबनं दिसत नाही. त्यानं तीनदा पुसून काढलंय, खडूच्या खुणा अजून दिसतात बघा हितं, हितं, आणि ही तिसरी. ड्रम्याचे डोळे मात्र जारकडं वळवून ठेवलेत, टोपण जरासं उचललेलं.

जारला डोळे अजून दिलेले नाहीत. रविवारी येतो म्हणलाय, मीबी ट्रायपॉड घेऊन येणाराय.